टीए आहे, आता डिग्री करू का?

प्रश्न : ताई, मी इंग्लंडमध्ये लेस्टरला एका प्रायमरी शाळेत पाच वर्षं टीचिंग असिस्टंट (टीए) आहे. पुण्यात एसवाय बीए झालं, मग लग्न झालं आणि इकडे आले, टीवाय राहूनच गेलं. आता आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) आहे, मुलं १२ आणि ८ वर्षांची. मला मनापासून टीचर व्हायचंय पण नोकरी सोडता येणार नाही. पार्टटाइम फाउंडेशन डिग्री करावी का? शाळेच्या ऑफिसमध्ये विचारलं तर "सुट्टी मिळणार नाही" एवढंच सांगितलं. आणि चाळिशीत कर्ज काढून शिकायचं म्हटलं की घरात सगळे गप्प होतात.

उत्तर : कर गं, नक्की कर. पण फॉर्म भरायच्या आधी तुझी दहावीची मार्कशीट शोधून काढ. इंग्लंडमध्ये टीचर व्हायला क्यूटीएस, म्हणजे शिक्षकाची अधिकृत पात्रता, लागतं आणि त्याला नुसती डिग्री पुरत नाही, इंग्लिश आणि मॅथ्समध्ये जीसीएसईची (इथली दहावीसारखी परीक्षा) ग्रेड ४ किंवा तिच्या तोडीचं काहीतरी दाखवावं लागतं, प्रायमरीला सायन्सपण. माझ्याबरोबर शिकणाऱ्या दोघीजणी सगळी डिग्री पूर्ण करून शेवटी मॅथ्सवर अडकल्या, फार जीवाला लागलं होतं तेव्हा. यूके एनिककडून (परदेशी शिक्षण इथल्या कशाच्या तोडीचं ते सांगणारी संस्था) दहावीचं तुलनेचं सर्टिफिकेट काढून घे आणि ज्या युनिव्हर्सिटीत पुढे जायचंय तिथे ते चालेल का हे ईमेलवर लेखी विचार, इंग्लिशबद्दल तर खास विचार कारण मराठी मीडियमची दहावी सगळीकडे धरतातच असं नाही. नाहीच चाललं तर घाबरू नकोस, ग्रेड ४ नसलेल्या मोठ्या माणसांना इंग्लिश-मॅथ्सचं जीसीएसई कॉलेजात सहसा फुकट करता येतं, संध्याकाळचे क्लास असतात.

आता डिग्रीचं. फाउंडेशन डिग्री म्हणजे पूर्ण बीएच्या आधीचा टप्पा, २४० क्रेडिटची, पार्टटाइम केली तर साधारण तीन वर्षं, बहुतेक ठिकाणी आठवड्यात एक संध्याकाळ किंवा एक दिवस. त्यावर १२० क्रेडिटचं टॉप-अप केलं की पूर्ण बीए, आणि मग क्यूटीएसचं ट्रेनिंग. एक क्रेडिट म्हणजे १० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे वर्षाला ८० क्रेडिट तर ८०० तास, आकडा बघून छातीत धस्स होतं, पण यातला बराच भाग तू शाळेत करतेस त्या कामातूनच उभा राहतो, आणि हीच या कोर्सची खरी गंमत आहे.

या कोर्सची माझी पहिली असाइनमेंट सांगते. इयर वनमधला (पाच-सहा वर्षांचा) एक मुलगा बेरीज करताना टेबलाखाली गुडघ्यावर बोटं आपटायचा, मी ते चिकटचिठ्ठ्यांवर लिहून खिशात ठेवायचे आणि रात्री भांडी झाली की वहीत उतरवायचे. तीन पानं लिहिली. ट्यूटरने मार्जिनमध्ये एकच शब्द लिहून परत दिली, "का?" तो काय करतो हे सगळं मी लिहिलं होतं, का करतो हे एका ओळीत पण नव्हतं. मग वाचायला लागले, मुलं आधी वस्तू मोजतात, मग बोटं, मग हळूहळू डोक्यात, आणि दुसऱ्या दिवशी त्याला "हात वर ठेव" म्हणायच्या ऐवजी मणी दिले. मुलाचं नाव अर्थातच बदललं होतं आणि हेडची (मुख्याध्यापकांची) परवानगी आधीच घेतली होती, ते तूही विसरू नकोस.

म्हणूनच ऑफिसच्या "नाही"वर थांबू नकोस, थेट हेडची वेळ माग. सुट्टी मागू नकोस, पाठिंब्याचं पत्र आणि एक मेंटॉर माग, कारण बऱ्याच कोर्सना शाळेचं पत्र लागतंच. संध्याकाळचा कोर्स निवडलास तर सुट्टीचा प्रश्नच येत नाही.

कर्जाबद्दल घरच्यांना नीट बसून सांग. आयएलआर आहे आणि कोर्सच्या आधी सलग तीन वर्षं इथे राहिलीयस तर पार्टटाइमलासुद्धा ट्यूशन फी लोन मिळतं, नवऱ्याचा पगार बघत नाहीत. आत्ताच्या नियमाने पगार वर्षाला २५,००० पौंडांच्या वर गेला तर फक्त वरच्या रकमेवर ९ टक्के कापतात, आणि टर्म-टाइम (फक्त शाळा चालू असतानाच्या आठवड्यांत काम करणाऱ्या) टीएचा पगार सहसा त्याच्या खालीच असतो. व्याज मात्र पहिल्यापासून चढतं, तेही लपवू नकोस. ४० वर्षांनी उरलेलं माफ होतं.

आणि हो, २०२५पासून टीचर डिग्री अप्रेंटिसशिप सुरू झालीय, चार वर्षांत पगार घेत घेत डिग्री आणि क्यूटीएस दोन्ही, फी नाही. जागा कमी आहेत आणि शाळेनेच घ्यावं लागतं, पण हेडकडे जाशील तेव्हा हेसुद्धा विचारच.

प्रश्न : मी मुंबईची बीकॉम, लंडनमध्ये हॅरोला टीए आहे. मलाही फाउंडेशन डिग्री करावी लागेल का?

उत्तर : नको, थांब. आधी बीकॉमचं एनिक सर्टिफिकेट काढ, ती डिग्री इथल्या बॅचलर्सच्या तोडीची धरली तर तू सरळ पीजीसीईला (डिग्रीनंतरचा टीचर ट्रेनिंगचा कोर्स) किंवा पगारी ट्रेनिंगला अर्ज करू शकतेस. शिवाय बाहेरची का होईना एक डिग्री हातात असली की दुसरीसाठी सरकारी लोन सहसा मिळत नाही, म्हणजे सगळे पैसे खिशातून जातील. जीसीएसईचं जे वर लिहिलंय ते मात्र तुलाही लागू आहे.