रडायला मनाई नाही

भावा, नोकरी गेली, अब्बांचं आजारपण आलं, त्यात कुणी 'ईमान (श्रद्धा) कच्चं असेल' म्हणून सुनावलं. त्याच्याकडे सरळ कानाडोळा कर. संकट म्हणजे शिक्षाच, हा हिशेब कुराणात बसत नाही. अय्यूब नबी (पैगंबर) होते, तरी त्यांनी दुखणं भोगलं. याकूब नबींचे डोळे तर हरवलेल्या मुलाच्या, यूसुफच्या, दुःखानं पांढरे झाले. 'माझी व्यथा मी अल्लाहपुढेच मांडतो,' असं म्हणाले, आणि त्याच दमात मुलांना सांगितलं: जा, यूसुफचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेची आशा सोडू नका. सूरह यूसुफमधल्या ८६ आणि ८७ या आयती लागोपाठ वाच. एकीत रडणं, दुसरीत शोधाला निघणं. पैगंबरही (स.) आपल्या तान्ह्या मुलाच्या, इब्राहीमच्या, मृत्यूवर रडले होते.

नमाज झाली की हात उचलून मराठीत दुआ माग, अगदी थकलेल्या घरभाड्यासाठीही. अर्ज पाठवणं मात्र थांबवू नकोस. आणि कर्ज फारच अंगावर आलं तर जमातीतल्या जाणत्यांना गाठ. जकात (धर्मानं बंधनकारक केलेलं दान) ज्यांना द्यायची त्या आठ जणांत कर्जबाजारीही येतो (सूरह तौबा, ६०), मग लाज कसली? झोपच उडाली असेल तर डॉक्टरकडेही जा; त्यानं तवक्कुल (अल्लाहवरचा भरवसा) कमी होत नाही.