रेलिंगच्या खांबाची बेस प्लेट वाकण्यासाठी वेगळी तपासावी लागते का?

तुम्ही दिलेली मापं अशी: राजारामपुरीतल्या बंगल्याची गच्ची, 50×50×3 चा चौकोनी पाईप, दर 1.2 मीटरवर खांब, उंची 1.05 मीटर, खाली 150×150 ची 6 मिमी प्लेट आणि 100 मिमी अंतरावर चार एम12 (12 मिमी व्यासाचे) बोल्ट. बोल्ट पास होतात, मग प्लेट तपासायची का? हो, तपासायचीच. आणि ही 6 मिमीची प्लेट पास होत नाही.

आयएस 875 भाग 2 (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे गच्चीच्या कठड्यावर दर मीटरला 0.75 किलोन्यूटन आडवा भार धरायचा. एका खांबावर 0.9 किलोन्यूटन येतो, मोमेंट (भार गुणिले उंची, म्हणजे वाकवणारा जोर) 0.945, आणि सुरक्षिततेसाठी 1.5 ने गुणलं की साधारण 1.42 किलोन्यूटन-मीटर. लिव्हर आर्म (खेच आणि दाब यांच्यातलं अंतर) 100 मिमी धरला तर खेच बाजूच्या दोन बोल्टांत मिळून 14.2 किलोन्यूटन. 4.6 ग्रेडचा एकच एम12 खेचीत 24 किलोन्यूटनपर्यंत घेतो, म्हणून तुमचे बोल्ट आरामात पास झाले.

आता प्लेट. ती वाकते पाईपाच्या कडेला, जिथं वेल्ड संपतो तिथं. बोल्टपासून ती रेघ 25 मिमीवर आहे, म्हणजे मोमेंट 0.355 किलोन्यूटन-मीटर. इथं बरेच जण प्लेटची पूर्ण 150 रुंदी धरतात, ते मला पटत नाही. बोल्टची खेच 45 अंशात पसरते. एका बोल्टमागे दोन्हीकडे 25-25 मिळून 50, दोघांचे मिळून 100 मिमीच धरा. तेवढ्या रुंदीत 6 मिमीची ताकद 0.16 भरते, 8 मिमीची 0.29, 10 मिमीची 0.45. गरज 0.355 ची आहे, तेव्हा 10 मिमी घ्या. पूर्ण रुंदी धरली असती तर 8 मिमीही पास दिसली असती. शिवाय प्लेट पातळ असली की दाब पाईपाकडे सरकतो, लिव्हर आर्म घटतो आणि बोल्टांवरची खेच वाढते.

आयएस 800 (पोलादी बांधकामाचं भारतीय मानक) मधलं बेस प्लेटच्या जाडीचं सूत्र इथं वापरू नका. ते नुसत्या उभ्या दाबाच्या कॉलमसाठी आहे, आणि रेलिंगच्या खांबावर उभा भार जवळजवळ नसतोच.

मला खरी काळजी बोल्टच्या खालच्या काँक्रीटची वाटते. तयार गच्चीवर फॅब्रिकेटर फरशीवरूनच ड्रिल मारतो. फरशी आणि तिच्याखालचा माल यातच 50-60 मिमी जातात, आणि 100 मिमीचा फास्टनर (काँक्रीटमध्ये बसवायचा बोल्ट) स्लॅबमध्ये जेमतेम 40 मिमी उतरतो. त्यात प्लेट स्लॅबच्या कडेला चिकटून असली तर बोल्ट शाबूत राहतो आणि काँक्रीटचा टवका उडतो. प्लेटपुरती फरशी काढा, काँक्रीट उघडं करा, फास्टनर कंपनीच्या तक्त्यात कडेपासूनचं किमान अंतर आणि खोली बघा. कडेजवळ जागा कमी असेल तर एक्स्पान्शन फास्टनर टाळून केमिकल अँकर (रसायनाने चिकटवलेला बोल्ट) घ्या, कारण फुगणारा फास्टनर कडेच्या काँक्रीटला आतूनच ढकलतो. प्लेटखाली पोकळी राहू देऊ नका, ग्राउट (पातळ सिमेंटचा माल) भरा. आपल्याकडच्या पावसात तिथं पाणी साचून गंज लागतो.

हेच डिझाइन मंगल कार्यालयाच्या गॅलरीला उचलून लावू नका. गर्दीच्या जागी भार 2.25 होतो, म्हणजे तिप्पट. प्लेट 16 मिमीवर जाते आणि तुमचा पाईपच फेल होतो: त्याची ताकद साधारण 1.8, मोमेंट 4.25. तिथं मोठा पाईप घेऊन खांब कमी अंतरावर लावावे लागतील.