तुरीच्या मर रोगाचा जीनोम प्रकल्प: मार्चअखेरीला सिक्वेन्सिंगचे पैसे आगाऊ भरू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. दारव्हा-दिग्रसकडच्या तुरीवर मर रोगाचं (मातीतल्या बुरशीने उभं झाड वाळतं त्याचं) काम, तुमचं कॉलेज मुख्य संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी सोबतीला, सरकारी अनुदानाचा पहिला हप्ता आला डिसेंबरात आणि आता हिशेब शाखेचा तगादा की मार्चअखेर पैसे संपवा. सिक्वेन्सिंगवाल्या (डीएनएची अक्षरं क्रमाने वाचून देणाऱ्या) कंपनीला सगळी रक्कम आगाऊ देऊन मोकळं व्हावं का, असं विचारलंय. देऊ नका. डीएनए कसा काढायचा वगैरे तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहितो.

आगाऊ रक्कम म्हणजे खर्च नव्हे. अनुदान कसं वापरलं ते सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राच्या जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-अ नमुन्यात असमायोजित अग्रिमाची, म्हणजे हिशेब न लागलेल्या आगाऊ रकमेची, नोंद वेगळी असते, तिथे ती उघडी पडते. म्हणजे खात्यातून पैसा गेलेला आणि हिशेबात खर्चही नाही. पाठवण्याजोगा डीएनए अजून हातात नाही हे तुम्हीच लिहिलंय. उद्या नमुना कंपनीच्या तपासणीत नापास झाला की भांडणाला तोंड फुटतं, आणि लेखापरीक्षक सेवा मिळण्याआधी पैसे का दिले ते विचारणारच.

त्याऐवजी कार्यादेश (कंपनीला कामाची लेखी ऑर्डर) काढा आणि ती रक्कम खर्चाच्या विवरणपत्रात बांधील खर्च, म्हणजे ऑर्डर दिली पण पैसे अजून द्यायचेत असा, म्हणून दाखवा. उपयोगिता प्रमाणपत्रात फक्त झालेला खर्च. शिल्लक पुढच्या वर्षी वापरायची परवानगी ३१ मार्चच्या आत लेखी मागा. खर्चाच्या एका शीर्षातला (मंजूर बाबीतला) पैसा दुसऱ्यात वळवायचा असेल तर तीही परवानगी खर्चाआधी. नंतर मागितलेली परवानगी म्हणजे कबुलीजबाब. खात्यावर व्याज मिळालं असेल तर ते आपलं नाही. जीएफआर २०१७ च्या नियम २३० प्रमाणे ते भारताच्या एकत्रित निधीत जमा करायचं. केंद्र सरकारच्या भारतकोष पोर्टलवर भरा, चलन जोडा. नियमात उपयोगिता प्रमाणपत्राला आर्थिक वर्ष संपल्यावर १२ महिने मिळतात, हे खरं. पण त्या भरवशावर बसलात तर पुढचा हप्ताही बसून राहतो. (मी सनदी लेखापाल नाही. तुमच्या मंजुरीपत्रातल्या अटी वेगळ्या असतील तर त्याच खऱ्या.)

इथे एका कार्यालयाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, नाव घेत नाही. प्रमाणपत्र परत येतं, शेरा एकच: व्याज पूर्ण रुपयात का, पैसे दाखवा. ते दुरुस्त करून पाठवलं की दुसरा शेरा, खर्चाच्या शीर्षाचं नाव मंजुरीपत्रातल्या शब्दांशी जुळत नाही. मग तिसरा, शिक्का आहे पण सहीखाली पदनाम नाही. प्रत्येक शेरा स्वतंत्र पत्राने, आणि दोन पत्रांच्या मध्ये मृग कोरडा सरतो. सगळे शेरे एकाच कागदावर लिहायला मनाई आहे का? म्हणून शीर्षांची नावं मंजुरीपत्रातून शब्दशः उचला, भांडवली (उपकरणांची) आणि आवर्ती (रोजच्या खर्चाची) रक्कम वेगळी ठेवा, पैशापर्यंत आकडे लिहा, आणि प्रमुख संशोधक, वित्त अधिकारी, संस्थाप्रमुख अशा तिन्ही सह्या पदनाम-शिक्क्यासह एकदमच घ्या.

पण खरी गोम अर्जातच असते. सगळा हिशेब सिक्वेन्सिंगचा मांडतात, हंगामाचा कुणी मांडत नाही. तूर जूनअखेर-जुलैत पेरायची, मर खऱ्या अर्थाने दिसते फुलोऱ्यात आणि शेंगा धरताना. तुमचा तीन वर्षांचा प्रकल्प डिसेंबरात सुरू झाला तर तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात संपतो, म्हणजे ऐन नोंदी घ्यायच्या वेळी. कागदावर तीन खरीप, वावरात अडीच. विनाखर्च मुदतवाढीचा (जादा पैसे न मागता मुदत वाढवून घेण्याचा) अर्ज करताना "विलंब झाला" असं मोघम लिहू नका, हेच गणित मांडा. आणि तो अर्ज शेवटच्या महिन्यात नको, त्याच्या बऱ्याच आधी.

सिक्वेन्सिंग हा या कामातला सोपा भाग आहे, असं माझं स्पष्ट मत. तुरीचा जीनोम (सगळ्या डीएनएचा संच) सुमारे ८३३ मेगाबेसचा, म्हणजे ८३ कोटी अक्षरांचा. त्याचा संदर्भ जीनोम, म्हणजे तुलनेसाठीची मूळ प्रत, २०११ मध्येच आला, आणि तोही 'आशा' म्हणजे आयसीपीएल ८७११९ या आपल्या ओळखीच्या वाणाचा. त्यामुळे सगळ्या वाणांचा संपूर्ण जीनोम वाचायची हौस नको. जनक वाण (ज्यांचा संकर करायचा ते) पूर्ण वाचा, बाकीच्यांना स्वस्तातलं जीबीएस, म्हणजे जीनोमचे निवडक तुकडेच वाचणं, पुरतं. उरलेला पैसा रोगट प्लॉटवर, म्हणजे वाण पारखायला मुद्दाम रोग जोपासलेल्या जागेवर, घाला. मेलेल्या तुरीची खोडं बारीक तोडून त्याच मातीत मिसळायची, त्याच जागी तूरच पेरत राहायचं, आणि मधल्या ओळींत आयसीपी २३७६ हा पटकन मरणारा वाण लावायचा. त्याचीच ८० टक्क्यांच्या आसपास झाडं मेली नाहीत, तर "आमचा वाण टिकला" या वाक्याला त्या वर्षी काही अर्थ नाही. असा प्लॉट एका खरिपात होत नाही. शेतकऱ्याचं वावर मात्र यासाठी घेऊ नका. ही बुरशी, फ्युजॅरियम उडम, मातीत वर्षानुवर्षं राहते आणि मग तो माणूस तुरीला मुकतो.

नोंदी घेताना वाळलेलं प्रत्येक झाड मर म्हणून मोजू नका. खोड उभं चिरून बघा. बुडापासून वर चढणारा जांभळट-तपकिरी पट्टा आणि सालीखाली काळ्या रेघा असतील तर मर. पाणी साचलेल्या भागात खोडावर खोलगट चट्टे पडून झाड त्याच जागी मोडत असेल तर तो फायटोफ्थोरा करपा. दोन्ही एकाच रकान्यात गेले की कितीही महागडं विश्लेषण करा, चुकीचाच जनुक हाती येतो.

तसंच वाळलेलं मूळ थेट सिक्वेन्सिंगला पाठवू नका. बुरशीचा जीनोम तुरीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान, त्यामुळे पैसे तूर वाचण्यातच जातात, वर मेलेल्या मुळावर वाढलेल्या भलत्याच बुरश्या. खोडाचे तुकडे १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुऊन बटाटा-डेक्स्ट्रोज माध्यमावर (बुरशी वाढवायच्या खाद्यावर), आणि एका बीजाणूपासूनचं कल्चर तयार झालं की त्याचा डीएनए.

तूर मधमाश्यांमुळे बऱ्यापैकी परपरागित होते, म्हणजे दुसऱ्या झाडाचे पराग येऊन बी बदलतं. ज्या झाडाचं पान घेतलं, त्याच झाडाच्या फांदीला जाळीची पिशवी बांधा आणि पुढच्या वर्षीच्या चाचणीला तेच बी वापरा. पान एका झाडाचं आणि बी भलत्याच झाडाचं, हा घोळ फार ठिकाणी आहे. उणे ८० चा फ्रीझर घेऊ नका, तुमच्याकडच्या भारनियमनात आणि मे महिन्यात तो जनरेटरच्या जिवावर चालेल. डीएनएसाठी पान सिलिका जेलमध्ये वाळवलं तरी भागतं, पानाच्या दसपट सिलिका. गावरान वाणांच्या बियांसाठी अकोल्याच्या एनबीपीजीआर (पिकांच्या वाणांचं बी जपणारी राष्ट्रीय संस्था) केंद्राला जानेवारीतच पत्र टाका.

आणि अंदाजपत्रकात सिक्वेन्सिंग सेवेवरचा १८ टक्के जीएसटी धरलाय ना? कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळवायचा विचार असेल तर तो कृषी विद्यापीठाच्या नावाने मागा. कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये सार्वजनिक निधीवरच्या विद्यापीठांना आणि आयसीएआरला (भारतीय कृषी संशोधन परिषदेला) जागा आहे. परदेशी पैशाच्या वाटेला सध्या जाऊ नका. परदेशी निधीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसरीला देता येत नाही, म्हणजे तुमची उत्पादक कंपनी त्यातून बाहेरच.

मंजुरीपत्रात प्रकल्पाची मुदत पत्राच्या तारखेपासून धरली आहे की पैसे जमा झाल्यापासून, ते इथे लिहा. मुदतवाढीचा मसुदा त्यावर ठरेल.