अ‍ॅम्ब्युलन्सवरची डॉक्टर आणि कपाटातली कागदपत्रं

प्रश्न: माझी मुलगी बीएएमएस आहे, वय २७. दोन वर्षांपासून १०८ च्या गाडीवर डॉक्टर म्हणून काम करते. आयुषची पीजी प्रवेश परीक्षा दोनदा दिली, मनासारखी सीट मिळाली नाही. तिसऱ्यांदा बसायला ती तयार नाही. मानेवाड्याला घराखालचा गाळा रिकामा आहे, समोर पार्किंगलाही जागा आहे. तिथे दवाखाना टाकून द्यायची माझी तयारी आहे, पण तिला तेही नको. सुट्टी मिळाली की दोन-दोन दिवसांचे कोर्स करते आणि पगार त्यात घालवते. एकदा केलेला कोर्स आता पुन्हा करायचा म्हणते. शिवाय एक ऑनलाइन क्रिटिकल केअर फेलोशिप करायची आहे, फी पावणेदोन लाख. बरोबरीचे सगळे कमावून राहिले, ही अजून शिकूनच राहिली आहे. स्थळं येतात, मुलगी काय करते विचारतात. अ‍ॅम्ब्युलन्सवर असते हे सांगायला जड जातं. परीक्षेचा फॉर्म भरेपर्यंत तिची मूळ कागदपत्रं मी माझ्या कपाटात ठेवली आहेत. तिला योग्य मार्ग सांगावा.
– एक वडील, नागपूर (कोराडी वीज केंद्रातून निवृत्त)

उत्तर:

तुम्ही पत्रासोबत तिच्या सगळ्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. त्या पाहिल्या, चांगल्या आहेत, आणि बाजूला ठेवल्या. मला काळजी वाटली ती कपाटाच्या वाक्याची.

तुमची मुलगी सत्तावीस वर्षांची आहे, नोंदणीकृत डॉक्टर आहे. रात्री दोन वाजता रिंग रोडवरच्या अपघातातला माणूस जवळच्या रुग्णालयात न्यायचा की थेट मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ट्रॉमा सेंटरला, हा निर्णय ती चालत्या गाडीत घेते. सकाळी घरी आल्यावर तिची पदवी मात्र वडिलांच्या कपाटात. नोंदणीचं नूतनीकरण, कंत्राटाची मुदतवाढ, कुठल्याही अभ्यासक्रमाचा प्रवेश, सगळीकडे मूळ कागद दाखवावे लागतात. आणि तिने ठरवलंच, तर अर्ज करून, फी भरून दुय्यम प्रती मिळतात. म्हणजे तुम्ही तिला अडवलेलं नाही, फक्त दुखावलं आहे. कागद या आठवड्यात परत द्या. फॉर्म भरला तर देतो, असं नको, नुसते द्या. पुढे मी जे लिहिलंय ते वाचायच्या आधी दिलेत तर उत्तम.

दुसरी गोष्ट. तुमच्या पत्रात गाळा आला, गाळ्यासमोरचं पार्किंग आलं, पाहुण्यांचे प्रश्न आले. मुलीचं म्हणणं एका ओळीतही आलं नाही. ‘तिला तेही नको’, एवढंच. का नको? विचारलं आहे का कधी? दोन वर्षं धावत्या गाडीत रुग्ण सांभाळणाऱ्या मुलीला सर्दी-तापाची ओपीडी नको वाटत असेल, तर ते मला नखरे वाटत नाहीत. तिला स्वतःचा कल कळला आहे. सत्तावीसाव्या वर्षी तो कळलेली मुलं मला फार भेटत नाहीत.

पाहुण्यांचं म्हणाल, तर ‘अ‍ॅम्ब्युलन्सवर असते’ या उत्तरात अर्धीच माहिती आहे. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ सेवा सुरू झाली तेव्हापासून गाडीवर डॉक्टर असतो. इतर बऱ्याच राज्यांत हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञ करतात. आपल्याकडे या डॉक्टरांमध्ये मोठा भरणा बीएएमएस आणि बीएचएमएस झालेल्यांचा आहे. रुग्णाला भेटणारा पहिला डॉक्टर म्हणजे तुमची लेक. पाहुण्यांना हे असंच सांगा. ऐकून ज्यांचं तोंड वाकडं होईल, ते स्थळ आपोआप गळेल आणि तुमचा चहा-पोह्यांचा खर्च वाचेल.

तुमची सगळीच काळजी पोकळ आहे असं नाही. नोकरी कंत्राटी आहे, रात्रपाळ्या आहेत, स्ट्रेचर उचलून उचलून कंबर जाते, आणि बढतीची शिडी दोन पायऱ्यांत संपते. चाळिशीतही ती गाडीच्या मागच्या बाकावरच बसलेली असावी असं मलाही वाटत नाही. मात्र तिथून पुढे जाण्याचा रस्ता मानेवाड्याच्या गाळ्यातून जातो, हे मला पटत नाही.

आता ‘शिकूनच राहिली आहे’ या तक्रारीकडे येतो. तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. तुमच्या मते शिक्षण एकदा पूर्ण होतं, आणि जो पुन्हा पुन्हा कोर्स करतो त्याचं काहीतरी अडलेलं असतं. या क्षेत्रात नेमकं उलट आहे. ती पुन्हा करायचा म्हणते तो कोर्स बहुधा एसीएलएस असावा, म्हणजे हृदय बंद पडलेल्या रुग्णावरच्या प्रगत उपचारांचा. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या त्या कार्डाची मुदतच दोन वर्षांची असते, नापास झालेल्यांसाठी वेगळी आणि हुशारांसाठी वेगळी नाही. कारण साधं आहे, हात विसरतात. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची, प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायची, दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दाबणारा थकतो आणि थकल्याचं त्याला स्वतःला कळत नाही. हे पाठ असणं वेगळं आणि हाताला येणं वेगळं. सराव नसला तर ही सफाई काही महिन्यांतच उतरते. दोन वर्षं हीसुद्धा सैलच मुदत आहे. शिवाय शास्त्र जागेवर थांबत नाही. २०१० पर्यंत क्रम होता आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. २०१० मध्ये तो बदलला आणि छाती दाबणं सगळ्यात आधी आलं. त्यानंतर २०१५, २०२० आणि २०२५ मध्ये पुन्हा नव्या सूचना आल्या. तुम्ही कोराडीला आयुष्य काढलंत. तिथे आगीचं मॉक ड्रिल दरवर्षी व्हायचं, तेव्हा ‘मागच्या वर्षी केलं होतं की’ म्हणून कुणी घरी बसलं होतं का? तिच्या कोर्सकडे त्याच नजरेने बघा.

याहून अवघड भाग आहे तो गंभीर रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवण्याचा. नागपूरला हे रोजचं आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, वर सिवनी-छिंदवाड्याकडूनही रुग्ण इथे येतात. गडचिरोलीहून नागपूर साधारण १७० किलोमीटर. समजा रुग्णाला मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन चालू आहे. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो. भागाकार तुम्हीच करा: १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. रस्ता त्याहून लांब, वाटेत रेल्वे फाटक, ट्रकची रांग, आणि सिलिंडर पूर्ण भरलेला होता याची खात्री कुणी केली? हे गणित गाडी सुटायच्या आधी करायचं असतं. उमरेडच्या पुढे काटा लाल पट्ट्यात गेल्यावर करून उपयोग नाही. व्हेंटिलेटरची बॅटरी, रक्तदाब टिकवणारं औषध ज्या पंपातून जातंय तो पंप, गाडी खड्ड्यातून गेल्यावर श्वासनळीतली नळी जागेवर आहे का, हे सगळं दर वेळी नव्याने तपासावं लागतं. बीएएमएसच्या साडेचार वर्षांत आणि वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये हे कुणी नीट शिकवत नाही. खरं सांगायचं तर एमबीबीएसलाही हे फारसं शिकवत नाहीत. ते नोकरीत राहून, पुन्हा पुन्हा शिकावं लागतं.

इथवर तुमच्या मुलीची बाजू घेतली. आता तिच्यासाठी थोडं कडू. हा भाग तिला वाचायला द्या.

पावणेदोन लाखांची ऑनलाइन फेलोशिप करू नकोस. व्हेंटिलेटर पडद्यावर शिकता येत नाही. त्या प्रमाणपत्रावर कितीही सोनेरी शिक्का असला तरी त्याने तू क्रिटिकल केअर स्पेशालिस्ट होत नाहीस, आणि तसं पाटीवर लिहिलंस तर अडचणीत येशील. एमडी इमर्जन्सी मेडिसिनला वैद्यक परिषदेने २००९ मध्ये मान्यता दिली. ती एमबीबीएसनंतरची, नीट-पीजीतून मिळणारी शाखा आहे. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनचे डिप्लोमे त्याच्याही पुढचे, भूलशास्त्र किंवा मेडिसिनसारख्या विषयात एमडी-डीएनबी झालेल्यांसाठी. दहा लहान प्रमाणपत्रं जोडून त्यातली एकही पदवी तयार होत नाही. हे ऐकायला वाईट वाटेल, पण पावणेदोन लाख भरल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. आणि ‘इथला अनुभव घ्या, कॅनडात पॅरामेडिक व्हा’ म्हणणारे एजंट भेटले तर आधी त्या देशाच्या नियामक संस्थेचे नियम स्वतः वाच. तिकडे पॅरामेडिक हा वेगळं शिक्षण आणि वेगळी नोंदणी लागणारा व्यवसाय आहे. आपली बीएएमएस दाखवून ती नोंदणी मिळत नाही.

मग काय करायचं? तेच पैसे न भरता, उलट पगार घेऊन शिकता येतं. धंतोली आणि रामदासपेठेतल्या खासगी अतिदक्षता विभागांत रात्रीचे आरएमओ, म्हणजे वॉर्ड सांभाळणारे निवासी डॉक्टर, अनेकदा बीएएमएसच असतात. तिथे वर्षभर काम कर. जागा निवडताना एकच बघ: पूर्णवेळ इन्टेन्सिव्हिस्ट (अतिदक्षता विभागाचा तज्ज्ञ डॉक्टर) आहे का, आणि तो राउंडला आरएमओला प्रश्न विचारतो का. पगार दोन हजारांनी कमी मिळाला तरी चालेल. जिथे आरएमओला रात्री सह्या करायला ठेवतात आणि व्हेंटिलेटरच्या सेटिंगला हात लावू देत नाहीत, तिथे जाऊ नकोस. वर्षभराने रुग्ण हलवण्याचं काम तू आजच्यापेक्षा कितीतरी चांगलं करशील आणि तुझ्या शब्दाला वजन येईल.

कोर्सच्या बाबतीत हात आवर. बीएलएस (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचा कोर्स) आणि एसीएलएसची मुदत संपू देऊ नकोस. त्यांच्या जोडीला ट्रॉमाचा एक कोर्स, आयटीएलएस किंवा पीएचटीएलएस. दोन्ही रस्त्यावरच्या जखमींचेच आहेत, एक पुरे. औपचारिक पदविका हवीच असेल तर पुण्यात सिम्बायोसिसची इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसची पदव्युत्तर पदविका आहे, बीएएमएसवाल्यांना चालणारी. त्या वर्षीची प्रवेशाची अट मात्र फी भरण्याआधी वाचून घे. पुढे कधीतरी स्वतः इन्स्ट्रक्टर होण्याचा विचार कर. शिकवणारी माणसं या क्षेत्रात कमी आहेत, आणि गाडीवर घाम गाळलेली शिकवणारी तर फारच थोडी.

आणि एक शिक्षण असं आहे ज्याचा कोर्सच निघत नाही. अमेरिकेत आखलेल्या त्या दोन दिवसांच्या कोर्समध्ये मण्यारीचा दंश येत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, सूज नाही, फारसं दुखत नाही, पहाटे पापण्या जड होतात आणि मग श्वास मंदावतो. अशा वेळी रुग्णालय येईपर्यंत हाताने पिशवी दाबून श्वास देत राहणं, यावरच तो माणूस जगतो. नागपूरचा मे महिनाही त्या कोर्समध्ये नाही. उन्हात काम करणारा मजूर बरळायला लागला आणि अंग तापलं असेल, तर पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. जागेवरच कपडे सैल करून, पाणी ओतून, वारा घालून त्याला थंड करायला सुरुवात करावी लागते. हे शिकायचं तर प्रत्येक अवघड केसनंतर मेडिकल, मेयो (इथलं दुसरं सरकारी रुग्णालय) किंवा एम्सच्या कॅज्युअल्टीत पुन्हा फोन करायचा: तो रुग्ण पुढे कसा झाला, मी काय वेगळं करायला हवं होतं. वहीत लिहून ठेवायचं. महिन्यातून एकदा कुणा वरिष्ठाला ती वही दाखवायची आणि बोलणी खायची. फुकट आहे, म्हणून कुणी करत नाही.

वडिलांसाठी परीक्षांचं एका ओळीत: आयुष पीजीची प्रवेश परीक्षा, एमपीएससीतून आयुर्वेदाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा किंवा राज्यसेवा, हे रस्ते तुम्हालाही माहीत आहेत आणि तिलाही, तिला हवे असतील तेव्हा ती जाईल. गाळा भाड्याने द्या. त्या भाड्यातून तिची एसीएलएसची फी सहज निघेल, आणि ती तुम्ही भरलीत तर घरातलं निम्मं भांडण मिटेल असा माझा अंदाज आहे.

पुढचं पत्र तुम्ही लिहू नका, तिला लिहू द्या. त्यात गुण नकोत. एसीएलएसच्या कार्डाची मुदत कधी संपते, गाडीवर शेवटची कुठली केस तिला जमली नाही असं तिला वाटतं, आणि आयसीयूत रात्रपाळी करायची तयारी आहे का, एवढं कळवलं तर कुणाच्या हाताखाली काम मागावं हे मी तिला सांगू शकेन.