‘दोन महिन्यांनी येते’

माई, मी 34 वर्षांची, लग्न केलेलं नाही. घर नाशिकला, इंदिरानगरात. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, काम घरून. चौदा महिन्यांपूर्वी महिनाभर म्हणून थायलंडला चियांग मायमध्ये आले आणि राहिलेच. कंपनीला वाटतं मी नाशिकला आहे. आईला दर वेळी सांगते, दोन महिन्यांनी येते. तिनं गुडघ्याचं ऑपरेशन ‘तू आलीस की करू’ म्हणून थांबवून ठेवलंय. सातपूरला राहणारा दादा म्हणतो, ‘तू मजा कर, आम्ही आहोतच निस्तरायला.’ मी परत यावं का? मी स्वार्थी आहे का?

अगं पोरी,

स्वार्थी आहेस की नाही, ते राहू दे. उत्तर काहीही आलं तरी आईचा गुडघा दुखायचा थांबत नाही.

तुझं पत्र लांबलचक होतं, इथे त्याचा चतुर्थांशच छापलाय. तिथली हवा, स्वस्त घर, भाजीबाजार यांवर तू पानभर लिहिलंस. खरं कारण मात्र एका ओळीत उरकलंस: ‘इथे तळ्याकाठी एकटी बसले तरी कुणी काही विचारत नाही.’ समजलं. इथे कॉलेज रोडला कोथिंबीर घ्यायला उभी राहिलीस तरी कुणीतरी काकू ‘काय गं, यंदा तरी?’ म्हणणारच. त्यापासून लांब जावंसं वाटणं यात मला काही वावगं दिसत नाही. माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. तुझ्या हातातलं पासपोर्टचं पुस्तक तिथेच छापतात. अशी पुस्तकं जन्मभर हाताळली, पण स्वतःचा पासपोर्ट कधी काढला नाही त्यांनी. तेव्हा तू गेलीस याचं मला कौतुकच आहे.

पण राहतेस कशी, ते बघ. मॅनेजरनं विचारलं, ‘नाशिकला थंडी काय म्हणते?’ तर तू फोनवर निफाडचा पारा बघून उत्तर दिलंस. वाचून मी हसले, आणि मग नाही हसले. कंपनीच्या लॅपटॉपवरून तू कुठून जोडली जातेस हे आयटीवाल्यांना कळायला कितीसा वेळ लागतो? ज्या दिवशी कळेल त्या दिवशी चांगलं काम केल्याची चौदा महिन्यांची पुण्याई कामी येणार नाही. देशाबाहेरून काम करणाऱ्या माणसामुळे कंपनीवरही तिथल्या कराचं आणि माहितीच्या सुरक्षेचं झंझट येऊ शकतं. कंपनीचा मेडिक्लेमही बहुतेक भारतातल्या उपचारांपुरताच असतो. पॉलिसी काढून वाच एकदा.

दुसरं, पर्यटक म्हणून शिक्का घ्यायचा आणि मुदत संपत आली की लाओसला जाऊन परत यायचं, हे बंद कर. त्या शिक्क्यावर काम करायची मुभा नसते. तुझ्यासारख्यांसाठी थायलंडनं जुलै 2024मध्ये वेगळा व्हिसा काढला आहे, डीटीव्ही नावाचा. मुदत पाच वर्षं, एका वेळी 180 दिवस राहता येतं, खात्यात 5 लाख बाट दाखवावे लागतात. बाहेरच्या देशातल्या कंपनीचं काम करता येतं, पण त्यासाठी नोकरीचे कागद जोडावे लागतात. म्हणजे गाडी पुन्हा कंपनीपाशीच येते. तेव्हा आधी मॅनेजरशी सरळ बोल. नाही म्हणाले तर दुसरी नोकरी शोध. तू काही नवखी नाहीस.

कराचं मी सांगत बसत नाही, सीए गाठ. एवढंच ध्यानात ठेव की तिथलं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि आपलं एप्रिल ते मार्च. तिकडे 180 दिवस भरले की तू तिथली करदाती रहिवासी होतेस. आपल्याकडे 182 दिवसांचा हिशेब आहे. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण पासपोर्टवरचे शिक्के घेऊन बसल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. जाताना आईचा फराळाचा डबा ने, सीए लवकर वेळ देतात.

आता आई. मला राग आला तो तू लांब राहण्याचा नाही, ‘दोन महिन्यांनी’चा आला. तू ‘येत नाही’ म्हणाली असतीस तर ती चार दिवस रडली असती आणि पाचव्या दिवशी डॉक्टरची तारीख घेऊन मोकळी झाली असती. तू येणार म्हणून ती जिना धरून चढते आहे. सात वेळा दोन महिने, म्हणजे हे चौदा महिने तिचेही गेले.

परत ये, असं मी म्हणत नाही. तारीख दे, असं म्हणते. फेब्रुवारी ते एप्रिल चियांग मायभोवती शेतं-जंगलं जाळल्याचा धूर कोंडतो, तू स्वतःच लिहिलंस की गेल्या वर्षी खिडक्या उघडता आल्या नाहीत. तेवढे महिने नाशिकला ये, ऑपरेशन तेव्हाच करा. पहिले काही आठवडे वॉकर आणि फिजिओथेरपी, त्यात घरी माणूस लागतंच. तू आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बस, या वेळी खोटं न बोलता. आणखी पुढे ढकलू मात्र नका. 2027च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, तेव्हा या गावात रिक्षा मिळायची मारामार, तिथे दर आठवड्याला दवाखान्यात कोण नेणार?

आईला सांगताना हवापाण्याच्या गोष्टी सांगू नकोस. तळ्याची ती ओळ सांग. तिला ती तुला वाटते त्यापेक्षा लवकर कळेल. तीही याच गावात सून म्हणून राहिली आहे.

आणि दादा. ‘आम्ही आहोतच’ म्हणणाऱ्याला एक विचार, म्हणजे नक्की कधी आणि किती. रात्रीच्या मुक्कामाचे दिवस ठरवून घ्या, दिवसभराच्या बाईचा पगार तू दे. पण फोन आधी आईला कर. दादाला तिच्याकडूनच कळू दे.

— माई