वनखात्यातला भ्रष्टाचार आपल्यासारख्या सामान्य माणसाला थांबवता येतो का? कसा?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की वाघाच्या कातडीच्या, खवले मांजराच्या तस्करीच्या बातम्या वाचून राग येतो पण वरपासून खालपर्यंत सगळे सामील असतात, मग आपण काय करणार. बऱ्याच जणांना असंच वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा. पतसंस्था आणि सोसायट्यांचं ऑडिट करतो, आणि गेली बारा-तेरा वर्षं जमेल त्या रविवारी बार्शी रोडनं नान्नजच्या माळावर जातो, दुर्बीण, शेंगाचटणी-भाकरी आणि पाण्याची बाटली घेऊन. वनखात्यात नाही, कुठल्या एनजीओत पण नाही. त्यामुळं हे सगळं हिशेब तपासणाऱ्याच्या नजरेतून आहे एवढं ध्यानात ठेवा.

माझं म्हणणं एवढंच की कातडं, नखं, करोडोंचा माल हे शेवटचं टोक आहे, तिथं तुम्ही-मी पोचत नाही. पण सुरुवात होते ती पाचशे-हजार रुपयांपासून, एका पंचनाम्याच्या कागदावर, आणि तिथं आपण नक्की पोचतो. पाचशे रुपयांत लांडगा कसा मरतो ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी, जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा उठली होती त्याच्या पुढच्या आठवड्यात, माळावर एक ओळखीचे मेंढपाळ मामा भेटले. रात्री लांडग्यांनी तीन मेंढ्या मारलेल्या. नियम असा की ४८ तासांच्या आत वन कार्यालयात कळवायचं, मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, मग पंचनामा होतो, पशुवैद्यकाचा दाखला लागतो आणि भरपाई मिळते. मामांनी कळवलं होतं. तर पंचनाम्याला येणाऱ्या माणसानं (कुठला, कोण ते सांगणार नाही) सरळ सांगितलं की मेंढीमागं पाचशे. मामा म्हणाले, "सायेब, मेंढी माझी मेली आन पैसे बी मीच द्यायचे व्हय?" दिले नाहीत. मग उद्या येतो, परवा येतो, गाडीला पेट्रोल नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत कुत्र्यांनी आणि घारींनी सगळं साफ केलं, नुसती लोकर राहिली, आणि वर ऐकायला मिळालं की पुरावाच नाही तर पंचनामा कशाचा करू.

त्याच वर्षी पावसाळ्यात परत लांडगे आले. या वेळी मामा कुठंच गेले नाहीत. अर्धी खाल्लेली मेंढी तिथंच ठेवली आणि त्यात फवारणीचं औषध कालवलं. दोन लांडगे गेले, एक मादी होती, आणि त्यांचाच एक कुत्रा पण गेला. हे त्यांनी मला वर्षभरानं सांगितलं, खाली बघत. लांडगा कायद्यानं वाघाच्याच रांगेत बसतो, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे किमान तीन वर्षं कैद. मी ते कुणाला कळवलं नाही. नावं ठेवायची तर ठेवा, पण मला त्यात गुन्हेगार एकटे मामा दिसत नव्हते.

म्हणून वन्यजीवांतला भ्रष्टाचार म्हटलं की मला आधी तो न झालेला पंचनामा आठवतो. लाच घेणाऱ्याच्या डोक्यात लांडगा मारायचं कधीच नव्हतं, त्याला फक्त पंधराशे रुपये पाहिजे होते.

आता ऑडिटची गोष्ट. आमच्यात पहिला नियम असा की ज्याच्या हातात गल्ला त्यानंच कीर्द (रोजचा जमाखर्च) लिहायची नाही. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात हा नियम मोडला गेला. २००४ साली कागदावर १६ ते १८ वाघ होते, आणि २००५ ला कळलं की एकही नाही, शिकाऱ्यांनी संपवले. वाघ राखायचे पण त्यांनीच, मोजायचे पण त्यांनीच आणि आकडा कमी आला तर बोलणी पण त्यांनीच खायची, मग आकडा कमी कोण दाखवेल? त्यानंतर टायगर टास्क फोर्स बसला, कायद्यात बदल होऊन २००६ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं, वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो २००७ मध्ये आला, आणि ठशांवरून मोजायची जुनी पद्धत जाऊन कॅमेरा ट्रॅप आले. फोटोतला पट्टा खोटा काढता येत नाही. तरी २००९ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाचे वाघ संपलेच, म्हणजे नुसती नवीन यंत्रणा उभी करून भागत नाही हे पण खरं. जगानंही हे उशिराच कबूल केलं, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात भ्रष्टाचारावर वेगळा ठराव व्हायला २०१६ ची जोहान्सबर्गची बैठक उजाडावी लागली.

आमच्या सोलापूरकडं वाघांचं जंगल नाही पण तीच गोष्ट वेगळ्या रूपात आहे. माळढोक पक्ष्यासाठीचं इथलं अभयारण्य १९७९ चं, तेव्हा ते जवळजवळ ८४९६ चौरस किलोमीटर होतं, उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तिकडं नगर जिल्ह्यातलं कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. त्यात गावं, उसाचे फड, बाजारपेठा सगळं आलं. वनजमीन त्यात अगदी थोडी. आता विचार करा, जिथं घराला, विहिरीला, जमिनीच्या व्यवहाराला कुणाच्या तरी ना हरकत दाखल्याची वाट बघावी लागते तिथं त्या सहीला भाव येणारच, माणूस कितीही सज्जन असो. पुढं ते कमी करून १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पण तोपर्यंत एका पक्ष्यानं आमची जमीन अडवली हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. माळढोक आता दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. याला कारणं बरीच आहेत, विजेच्या तारा, शेती, ऊस, सगळं भ्रष्टाचारावर ढकलणं खोटं होईल.

दुसरा पैशाचा रस्ता म्हणजे झाडं. हे वाचून काही जणांना राग येईल पण माळरानावर झाडं लावणं हा माळरानाचा घात आहे, काळवीट, खोकड यांना आणि धाविक, तणमोर या पक्ष्यांना उघडं गवत लागतं. तरी गवताळ माळावर गिरिपुष्पाची रोपं लागली. का? माझा ऑडिटरी संशय सांगतो, पुरावा म्हणून घेऊ नका. खड्ड्याचं बिल निघतं, रोपाचं निघतं, वाहतुकीचं, मजुरीचं, पाण्याच्या टँकरचं, मेलेल्या रोपाच्या जागी परत रोप लावायचं पण निघतं. गवत नुसतं राखलं तर कशाचं बिल काढणार?

इथं तुम्ही काय करू शकता तर माहिती अधिकार. पण "भ्रष्टाचाराची माहिती द्या" असा अर्ज करू नका, काही मिळत नाही. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. एकाच रोपवनाचं नाव आणि गट नंबर टाका, आणि मागा रोपवन रजिस्टर, मजुरांचे हजेरीपट, मोजमाप पुस्तिका आणि जिवंत रोपांची टक्केवारी. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा पण हक्क आहे, तो फार कमी लोक वापरतात. मी एकदा हजेरीपट बघितला तर धो-धो पावसाच्या दिवशी पण सगळे मजूर खड्डे खणायला हजर, सगळ्यांचे अंगठे एकाच दाबाचे. अंगठे बघायची सवय आम्हाला पतसंस्थेतल्या कर्जप्रकरणांमुळं लागलेली असते.

लाच प्रत्यक्ष मागितली तर १०६४, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर. आधी पडताळणी करतात, मागणी खरी निघाली तर सापळा, त्या नोटांना पावडर लावलेली असते ते सगळं तुम्ही पेपरात वाचलेलं आहेच. लोक घाबरतात की देणारा पण अडकतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणं हा पण गुन्हा आहे हे खरं, पण जबरदस्तीनं द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत कळवलं तर तुम्ही सुटता. हे सात दिवस लक्षात ठेवा.

वनखात्याचा स्वतःचा नंबर १९२६. रात्री मुरूम उपसून नेणारे डंपर दिसले, कुणी मांडूळ विकायला काढलंय असं कळलं, तर तिथं सांगा. पण एक कळकळीनं सांगतो, डंपरच्या मागं एकट्यानं मोबाईल घेऊन जाऊ नका. वाळू-मुरूमवाले काय करतात ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. गट नंबर, वेळ, रस्ता एवढं लिहून लांबूनच कळवा.

आणि खालच्या माणसाला झोडपायच्या आधी थोडं थांबा. एका वनरक्षकाच्या बीटमध्ये (राखायच्या हद्दीत) कितीतरी गावं येतात, गाडी स्वतःची, रोजंदारी मजुरांचा पगार महिनोन्‌महिने थकतो. लाचेचं हे समर्थन नाही, पण ज्यांनी मला शिंगरू आणि कोकर यातला फरक न कळणाऱ्या शहरी माणसाला लांडग्याची गुहा लांबून दाखवली आणि चहा सुद्धा स्वतःच्या पैशानं पाजला ते पण त्याच खात्यातले आहेत. अशा माणसाची तडकाफडकी बदली झाली तर गावानं ग्रामसभेत ठराव करावा, तेवढं तरी.

उलटी गोष्ट पण होते, केसेस दाखवायच्या म्हणून सगळ्यात गरीब माणूस धरायचा. दोन तित्तिर सापडले की पारधी आत, आणि ज्याच्या ढाब्यावर ते जाणार होते तो मोकळा. सोलापुरात तर हे जास्त लागतं, इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेल्या लोकांची सेटलमेंट आपल्याच गावात आहे. कायदा १९५२ ला गेला, संशय अजून गेलेला नाही. तक्रार करताना खरेदी करणारा कोण हे पण विचारत जा.

मामांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी परत दोन मेंढ्या गेल्या. या वेळी त्यांनी सकाळी सातला मला फोन केला. मी त्यांच्या पोराला सांगितलं की तारीख, वेळ, लोकेशन येणाऱ्या ॲपनं फोटो काढ, मेंढीवर ताडपत्री टाक आणि राखण बस. त्याच दिवशी आपले सरकार पोर्टलवर अर्ज भरला, लेखी प्रत कार्यालयात देऊन पोच घेतली. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो, हे अर्जातच एका ओळीत नम्रपणे लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पंचनामा झाला. चहापाण्याचं कुणी नाव काढलं नाही, उलट मामांनीच आग्रह करून ताक पाजलं. पैसे यायला चार महिने लागले, पण आले.

तेव्हा मामांचा फोन आला. आता आभार मानणार म्हणून मी जरा सावरून बसलो तर म्हणाले, "पैसं जमा झालं बघा. बरं, पलीकडच्या गावात माझा मेव्हणा आहे, त्याचं करडू गेलंय काल. त्याला त्ये फोटोचं ॲप टाकून द्या की." रविवारी तिकडंच चाललोय.