दहा-बारा सामन्यांचा पिचर

प्रश्न : अमेरिकन बेसबॉलच्या १८८०-९५ मधल्या मायनर लीग (दुय्यम दर्जाच्या लीग) नोंदींत एखाद्या पिचरचे (चेंडू फेकणाऱ्याचे) दहा-बाराच सामने दिसतात, मग तो गायब होतो. हात निकामी झाला असं समजायचं का?

उत्तर : लगेच नको. आधी दोन तारखा ताडून पाहा : त्याचा शेवटचा सामना आणि त्या लीगचा शेवटचा सामना. हे संघ तिकिटांच्या पैशांवर चालत. गल्ला आटला की संघ, कधी अख्खी लीगच, भर हंगामात बंद पडे. दोन्ही तारखा जवळजवळ असतील, तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत शेजारच्या लीगमध्ये त्याचं नाव शोधा.

तिथे फक्त पिचरांची यादी चाळू नका. खेळाडू बदलण्याची पूर्ण मोकळीक १८९१ मध्ये मिळाली. त्याआधी दमलेला पिचर सहसा आउटफिल्डमध्ये (मैदानाच्या बाहेरच्या भागात) जाई आणि तिथला कुणी पिचिंगला येई. म्हणून तुमचा माणूस आउटफिल्डर म्हणूनही सापडेल. बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या छापील आकडेवारीत) बहुधा नुसतं आडनाव असतं, तेही वेगवेगळ्या स्पेलिंगने. एकाच दिवशी दोन शहरांत खेळलेला ‘स्मिथ’ म्हणजे दोन माणसं. यादीत ती एक झालेली असू शकतात. गावचं दैनिक आणि ‘स्पोर्टिंग लाइफ’ साप्ताहिकाचे १८८३ पासूनचे अंक शेजारी ठेवून प्रत्येक सामना जुळवा.

हात जात असत हेही खरंच. नॅशनल लीगने (ही मेजर, म्हणजे अव्वल दर्जाची लीग) १८८४ मध्ये ओव्हरहँड, म्हणजे हात खांद्यावरून आणून केलेल्या फेकीला परवानगी दिली, पण संघात पिचर दोन-तीनच. त्याच वर्षी प्रॉव्हिडन्स संघाच्या चार्ल्स रॅडबर्नने ६७० हून अधिक इनिंग्ज (इनिंग म्हणजे तीन जण बाद होईपर्यंतचा डाव) टाकल्या. असा भार क्वचितच कुणाला झेपे.

शेवटचं वर्ष १८९३ असेल, तर पिचिंगचं अंतर तपासाच. तोवर पिचरचा मागचा पाय प्लेटपासून (बॅटरजवळच्या पाटीपासून) साडेपंचावन्न फुटांवरच्या रेषेवर असे. त्या वर्षी नॅशनल लीगने रबर (पिचरने पाय टेकवायची पट्टी) ६० फूट ६ इंचांवर नेलं. पाच फूट वाढताच बॅटरला चेंडू वाचायला जास्त वेळ मिळाला आणि कर्व्हबॉलचा (वळणाऱ्या चेंडूचा) जुना नेम चुकू लागला. बंपस जोन्सने १५ ऑक्टोबर १८९२ रोजी सिनसिनाटीकडून मेजर लीगमधल्या पहिल्याच सामन्यात नो-हिटर टाकला, म्हणजे विरोधी संघाला एकही हिट मिळू दिली नाही. पुढच्या वर्षी नव्या अंतरावर त्याची पार धुलाई झाली. मेजर लीगच्या यादीत त्याचे आठच सामने आहेत, पण मायनर लीगमध्ये तो पुढेही अनेक वर्षं खेळत होता.